एलएनजी टाक्यांना सुरक्षा नियमांतून सूट देण्याआधी कुंपणाबाहेरच्यांना सांगा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

३० मार्च २०१८ रोजी 'मेरिडियन स्पिरिट' हे जहाज अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील सबाइन पास येथून द्रवीकृत नैसर्गिक वायू, म्हणजेच एलएनजी, घेऊन गुहागर तालुक्यातील अंजनवेलला, दाभोळ प्रकल्पाच्या धक्क्याला लागले. 'गेल' या सरकारी वायू कंपनीने २०११ साली केलेल्या वीस वर्षांच्या करारातला तो पहिला माल असल्याने त्याच्या स्वागताला केंद्रीय पेट्रोलियम मंत्री आले होते आणि बातमीही ठळकपणे छापून आली होती. ज्या ठिकाणी तो माल भरला गेला, तिथल्या एका टाकीला त्याच वर्षी जानेवारीत भेगा पडल्या होत्या आणि फेब्रुवारीत अमेरिकेच्या सुरक्षा नियामकाने त्या टाकीसह दोन टाक्या बंद ठेवण्याचा आदेश काढला होता, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणाच्या कानावर आली नाही.

मी नोकरीची सगळी वर्षे ज्वालाग्राही द्रव आणि वायू साठवणाऱ्या कारखान्यांच्या सुरक्षा विभागात काढली आणि आता निवृत्त होऊन चिपळूणला राहतो. हे पत्र अंजनवेलच्या प्रकल्पाविरुद्ध नाही आणि तिथे काही गैर घडले आहे असे मला सुचवायचेही नाही. मला लिहायचे आहे ते एलएनजीच्या साठवणुकीला लागू असलेल्या सुरक्षा नियमांतून कंपन्यांना जी सूट दिली जाते तिच्याविषयी: ती कोण मागतो, कोण देतो, आणि दिल्यानंतर जो धोका उरतो तो कोणाच्या पदरात पडतो. उदाहरणे अमेरिकेची घेतो, कारण तिथे या सुटीची प्रक्रिया बरीचशी उघडपणे चालते आणि म्हणून तिचे गुणदोष बाहेरच्या माणसालाही तपासता येतात. शिवाय 'गेल'ने अमेरिकेत ज्या दोन ठिकाणांहून मोठे दीर्घकालीन करार केले, त्या सबाइन पास आणि मेरीलँडमधील कोव्ह पॉइंट या दोन्ही जागांची नावे या इतिहासात येतात.

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचा पाण्यासारखा नितळ द्रव होतो आणि आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. म्हणूनच तो जहाजात भरून समुद्रापार नेणे परवडते. द्रवरूपात तो पेट घेत नाही. तो सांडला की उकळतो आणि त्याची वाफ हवेत साधारण ५ ते १५ टक्के प्रमाणात मिसळली की ठिणगीची वाट पाहत राहते. घरच्या गॅसला जो मुद्दाम घातलेला वास असतो तो याला नसतो. एका प्रशिक्षणात आमच्यासमोर थर्मासमधून मगभर एलएनजी काँक्रीटवर ओतला होता, तो प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. दिवस फेब्रुवारीतला, हवा कोरडी. द्रव तापलेल्या तव्यावरच्या थेंबांसारखा तडतडत पळाला आणि घोट्याएवढ्या उंचीचे पांढरे धुके जमिनीलगत सरपटत गटाराकडे गेले. प्रशिक्षकांनी हातातला डिटेक्टर धुक्याच्या कडेबाहेर, डोळ्यांना काहीच दिसत नव्हते अशा जागी धरला आणि तो वाजू लागला. दिसते ते धुके म्हणजे हवेतले गारठलेले पाण्याचे बाष्प असते, वायू नव्हे. कोरड्या हवेत पेटण्याजोगा वायू धुक्याच्या पुढे गेलेला असू शकतो, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. त्यानंतर त्यांनी साध्या पोलादाची बोटभर रुंदीची पट्टी त्या द्रवात बुडवून ऐरणीवर ठेवली आणि तिच्यावर हातोडीचा एक घाव घातला. पट्टी वाकली नाही, तिचे दोन तुकडे झाले. मोडलेल्या कडा खडीसाखरेसारख्या दाणेदार चमकत होत्या.

सबाइन पासला जे झाले ते हेच. तिथल्या टाक्यांना दोन भिंती आहेत: आतली थंडी सोसणाऱ्या निकेलयुक्त पोलादाची, बाहेरची साध्या कार्बन पोलादाची, आणि दोहोंच्या मध्ये उष्णतारोधक भुकटी. एलएनजीचा स्पर्श बाहेरच्या भिंतीला कधीच होणार नाही हे त्या रचनेचे गृहीतक आहे. जानेवारी २०१८ मध्ये तो झाला, भिंत ठिसूळ होऊन तडकली आणि वायू बाहेर पडला. सुदैवाने पेट घेतला नाही आणि कुणाला इजा झाली नाही. मात्र त्या टाक्यांच्या बाबतीत काहीतरी बिघडल्याची चिन्हे त्याआधीच्या वर्षांतही दिसली होती, असे नियामकाच्या तपासात पुढे आले.

थंडीने ठिसूळ होणारे पोलाद हा या उद्योगाचा जुना शत्रू आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात ईस्ट ओहायो गॅस कंपनीने १९४१ मध्ये एलएनजीच्या तीन गोल टाक्या उभारल्या आणि युद्धकाळात मागणी वाढली म्हणून लगेचच चौथी, दंडगोलाकार टाकी बांधली. युद्धामुळे चांगल्या मिश्रधातूंची टंचाई होती. चौथ्या टाकीच्या पोलादात निकेल साडेतीन टक्के होते. आज अशा आतल्या भिंतीसाठी नऊ टक्के निकेलचे पोलाद वापरतात. २० ऑक्टोबर १९४४ रोजी, शुक्रवारी दुपारी, ती टाकी फुटली. सांडलेला द्रव अडवून धरील असा पुरेसा बांध भोवती नव्हता, त्यामुळे तो रस्त्यांवर आणि तिथून भुयारी गटारांत उतरला, आणि मग आग कुंपणापाशी थांबण्याचा प्रश्नच उरला नाही: गटारांची लोखंडी झाकणे उडाली, लोकांच्या तळघरांतून ज्वाळा निघाल्या, घरांत असलेली माणसे त्यात सापडली. सुमारे १३० माणसे दगावली. आज कुठल्याही एलएनजी टाकीभोवती जो बांध दिसतो आणि टाकी ते वस्ती यांत जे अंतर राखावे लागते, ते या १३० जणांच्या मृत्यूनंतर शिकलेले शहाणपण आहे. म्हणून एखादा अधिकारी किंवा एखादी कंपनी 'हा नियम आमच्या बाबतीत जाचक आहे' असे म्हणते, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, हा नियम कोणाच्या मरणातून आला आहे हे यांना ठाऊक आहे का.

कोव्ह पॉइंटची गोष्ट आकाराने लहान, पण माझ्या मते अधिक शिकवणारी. ६ ऑक्टोबर १९७९ रोजी तिथल्या एका पंपाच्या विद्युत जोडणीच्या सीलमधून थोडा एलएनजी झिरपला, त्याची वाफ झाली आणि जमिनीखालच्या केबलच्या नळीतून सुमारे दोनशे फूट प्रवास करून ती विद्युत उपकेंद्राच्या इमारतीत पोहोचली. त्या इमारतीत गॅस डिटेक्टर नव्हता, कारण तिथवर वायू येऊच शकत नाही असे सर्वांनी धरून ठेवले होते. आत असलेल्या कर्मचाऱ्याने ब्रेकर, म्हणजे विजेचा खटका, हलवला आणि ठिणगीने वायूचा स्फोट झाला. एक जण मृत्युमुखी पडला, दुसरा गंभीर भाजला. हा कारखाना नवा होता आणि त्या वेळच्या नियमांना धरून बांधलेला होता. 'तिथवर वायू येऊच शकत नाही' हे वाक्य मी पुढे अनेक बैठकांत ऐकले, आणि दर वेळी ते सूट मागणाऱ्याच्या तोंडून ऐकले.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८० मध्ये, अमेरिकेने एलएनजी कारखान्यांसाठी स्वतंत्र संघराज्यीय सुरक्षा नियम प्रसिद्ध केले. त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग अंतराचा आहे. टाकीतून ठरावीक प्रमाणात गळती झाली असे धरून गणित करायचे. आग लागली तर कुंपणाच्या रेषेवर उष्णता दर चौरस मीटरला ५ किलोवॉटच्या वर जाता कामा नये, आणि वायूचा ढग पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या निम्म्यावर, म्हणजे अडीच टक्क्यांवर, कंपनीच्या ताब्यातील जागेतच उतरला पाहिजे. पाच किलोवॉट म्हणजे काय, तर उघड्या त्वचेला साधारण अर्ध्या मिनिटात फोड येतील इतकी धग. तरुण माणूस अर्ध्या मिनिटात आडोशाला जाईल. गुडघे धरलेली आजी किंवा पाळण्यातले मूल जाणार नाही. अंतराचे नियम इतके कडक का, याचे उत्तर त्या आजीच्या गुडघ्यांत आहे.

आता सुटीकडे येतो. अमेरिकी कायद्याप्रमाणे एखाद्या कंपनीला नियमातली विशिष्ट अट पाळायची नसेल तर ती पाइपलाइन आणि घातक पदार्थ सुरक्षा प्रशासनाकडे विशेष परवान्यासाठी अर्ज करू शकते. अट बाजूला ठेवणे 'सुरक्षेशी विसंगत नाही' असे प्रशासनाला पटले पाहिजे. अर्ज राजपत्रात जाहीर झाला पाहिजे, लोकांना म्हणणे मांडायची संधी मिळाली पाहिजे, आणि परवाना दिला तर त्याची कारणे लेखी दिली पाहिजेत. खऱ्याखुऱ्या आणीबाणीत ही जाहीर प्रक्रिया न करताही सूट देता येते, पण ती साठ दिवसांपुरती. ही रचना वाईट नाही. किंबहुना काही वेळा सूट देणे योग्यच असते, हे मी सुरक्षा विभागात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मोकळेपणाने मान्य करतो. नियम लिहिला गेला तेव्हा जे तंत्र अस्तित्वात नव्हते, उदाहरणार्थ गळलेला द्रव पूर्णपणे सामावून घेणारी काँक्रीटची बाहेरची टाकी, ते आज वापरायचे तर जुन्या नियमाच्या शब्दांत ते बसत नाही आणि कंपनीला अधिक चांगले बांधण्यासाठीसुद्धा परवानगी मागावी लागते.

पण मग प्रश्न असा पडतो की, नियम तरी शिळा का राहिला? अमेरिकेच्या एलएनजी नियमांना ज्या अग्निसुरक्षा मानकाचा आधार आहे, त्याची नियमात धरलेली आवृत्ती मुख्यतः २००१ सालची आहे. मानक दर काही वर्षांनी सुधारते, पण कायद्यात मात्र जुनीच आवृत्ती बांधलेली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून मोठ्या एलएनजी कारखान्यांच्या संचालन व देखभालीचे नियम तीन वर्षांत अद्ययावत करण्यास सांगितले, आणि ती मुदत काम पुरे न होता उलटली. नियम वेळेवर सुधारला नाही की सुटीचा अर्ज हीच कामाची नेहमीची वाट होते, आणि अपवादासाठी ठेवलेल्या दाराने सगळी वर्दळ सुरू होते.

सुटीचा एक प्रकार असा आहे की त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. नवे नियम येण्याआधी जे कारखाने उभे होते, त्यांना जागा आणि बांधणीविषयीचे नवे नियम लागू होत नाहीत. रोड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात सत्तरच्या दशकातली अशी एक टाकी आहे. हिवाळ्यात गॅसची मागणी वाढते तेव्हासाठी साठा ठेवण्याकरिता ती बांधलेली होती. कीस्पॅन कंपनीने तिथे जहाजातून एलएनजी उतरवण्याचे केंद्र करायचे ठरवले तेव्हा ऊर्जा नियामक आयोगाने जून २००५ मध्ये तो प्रस्ताव फेटाळला, कारण वापर बदलायचा तर आजचे सुरक्षा निकष पाळावे लागतील आणि ती जुनी जागा त्यांत बसत नव्हती. आयोगाचा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. तरीही ती टाकी तिच्या जुन्या वापरासाठी तिथेच राहिली. आज बांधायला गेलो तर जी परवानगी मिळणार नाही, ती टाकी काल बांधली म्हणून चालते. वायूला मात्र टाकीचे बांधकाम कोणत्या साली झाले याच्याशी काही देणेघेणे नसते.

सूट हीच पुढे नियम कशी होते, याचे उदाहरण साठवणुकीच्या अगदी शेजारचे आहे. ५ डिसेंबर २०१९ रोजी पेनसिल्व्हेनियातील वायालुसिंगहून न्यू जर्सीतील गिब्सटाउनपर्यंत रेल्वेच्या टाकी-डब्यांतून एलएनजी नेण्यासाठी एका कंपनीला विशेष परवाना देण्यात आला. तोवर अशी वाहतूक सर्वसाधारणपणे मान्य नव्हती. अवघ्या सात-आठ महिन्यांत, जुलै २०२० मध्ये, देशभर रेल्वेने एलएनजी नेण्याची मुभा देणारा नियमच आला. परवान्याखाली एकही फेरी झाली नव्हती, म्हणजे अनुभव असा काहीच गोळा झाला नव्हता. पुढे सरकार बदलल्यावर २०२३ मध्ये नियम स्थगित झाला, परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले, आणि पर्यावरणीय परिणामांचा संपूर्ण अहवाल न करताच नियम आणला म्हणून जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. रुळांच्या कडेला राहणाऱ्या आणि हरकती घेऊन लढणाऱ्या लोकांना यासाठी पाच वर्षे द्यावी लागली. अर्ज जाहीर झाला होता म्हणून निदान त्यांना लढता तरी आले.

संपादक महोदय, इथे मला स्वतःचा एक अनुभव सांगितला पाहिजे. मी काम करत होतो त्या एका कारखान्यात पंपघरातला गॅस डिटेक्टर पावसाळ्यात वारंवार खोटा इशारा देत असे. सात दिवसांसाठी म्हणून तो बायपास केला, म्हणजे यंत्रणेतून वगळला, त्याच्यावर लाल टॅग लावला आणि नोंदवहीत कारण लिहिले: 'सुटा भाग मागवला आहे'. सात दिवसांनी भाग आला नव्हता, म्हणून मुदतवाढ. पुन्हा सात दिवस, पुन्हा मुदतवाढ. चौदाव्या मुदतवाढीला मी ती नोंदवही नीट वाचली. पहिल्या तीन नोंदींत कारण सविस्तर होते, मग 'वरीलप्रमाणे', मग नुसत्या दोन आडव्या रेघा. त्यांतल्या काही रेघांखाली सही माझी होती. टॅगचा लाल रंग उन्हाने उडून फिका गुलाबी झाला होता आणि नव्या शिफ्टमधल्या मुलाला तो डिटेक्टर मुळातच चालू नसतो असे वाटत होते. त्या काळात काहीही अनिष्ट घडले नाही, आणि म्हणूनच तो बायपास कोणाला खुपला नाही. मी त्या दिवशी पंप बंद करायला लावला तेव्हा उत्पादन विभागाने विचारले की, इतके आठवडे चालले तर आजच काय झाले. सरकारी पातळीवरची सूट आणि पंपघरातला बायपास यांच्यात मला आजही जातीचा फरक दिसत नाही. दोन्ही तात्पुरते म्हणून सुरू होतात आणि काही घडले नाही हाच ते पुढे चालू ठेवण्याचा पुरावा मानला जातो.

टेक्सासमधील क्विंटाना बेटावरच्या फ्रीपोर्ट एलएनजी कारखान्यात ८ जून २०२२ रोजी जो स्फोट झाला, त्याच्या मुळाशी असेच एक छोटे कारण होते. एका सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी झाल्यावर त्याची वाट पुन्हा उघडायची राहून गेली. दोन बंद व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपात एलएनजी अडकला, हळूहळू तापला, फुगला. दाब मोकळा व्हायला वाट नव्हती, पाइप फुटला आणि आगीचा प्रचंड गोळा उठला. त्या बेटावर लोकांचा नेहमीचा समुद्रकिनारा आहे. मनुष्यहानी झाली नाही, पण अमेरिकेची जवळजवळ एक पंचमांश एलएनजी निर्यातक्षमता त्या एका व्हॉल्व्हपायी आठ महिने बंद राहिली. तपास अहवालात जादा कामाने थकलेले कर्मचारी आणि सतत वाजणाऱ्या इशाऱ्यांची झालेली सवय यांचाही उल्लेख आहे. सुरक्षेच्या अटी शिथिल केल्याने उद्योगाचा पैसा वाचतो असे सांगणाऱ्यांनी त्या आठ महिन्यांचा हिशेब एकदा करून पाहावा.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी 'राष्ट्रीय ऊर्जा आणीबाणी' जाहीर केली आणि शासकीय यंत्रणांना आपले आणीबाणीचे अधिकार वापरायला सांगितले. ज्या देशात साठ दिवसांची आणीबाणीची सूट कायद्यात आहे, तिथे आणीबाणी या शब्दाचा अर्थ इतका सैल व्हावा, हे मला फार चिंतेचे वाटते. या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली भूमिका अभिमानाने सांगावी अशी आहे. करोनाकाळात गुजरात सरकारने कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५ खाली 'सार्वजनिक आणीबाणी'चे कारण देऊन कामाचे तास आणि जादा कामाचा मोबदला यांच्या तरतुदींतून कारखान्यांना सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती रद्द केली आणि साथीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे त्या कलमातली आणीबाणी नव्हे, असे स्पष्ट सांगितले. कामगाराच्या तासांबाबत हे खरे असेल, तर टाकीभोवतीच्या अंतराबाबत ते दुपटीने खरे आहे.

आपल्याकडे एलएनजीच्या साठवणुकीवर अनेकांची देखरेख आहे. भोपाळनंतर १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे १९४ क्रमांकाचे मानक आहे, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे नियम आहेत, आणि परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे 'पेसो'चे, मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. नियम कागदावर चांगले आहेत. पेट्रोलियम कायदा १९३४ धरून अशा जवळजवळ प्रत्येक कायद्यात सूट देण्याचा अधिकारही शासनाकडे राखून ठेवलेला आहे, आणि मला खटकते ते इथे. परवाना मागणाऱ्याने अर्ज कसा करायचा याचे तपशील नियमांत पानोपानी आहेत. पण एखाद्या अटीतून सूट मागितली गेली आहे, हे शेजारच्या गावाला आधी कळवण्याची वहिवाट आपल्याकडे नाही.

अट पाळली जाते तेव्हा ती किती महाग पडते आणि तरीही कशी पाळता येते, हे कोकणाने जवळून पाहिले आहे. अंजनवेलच्या धक्क्यासमोर लाटा अडवणारी भिंत पूर्ण नव्हती, म्हणून २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रात अनेक वर्षे पावसाळ्याचे महिने जहाज लागत नसे. वर्षाला ५० लाख टन क्षमतेचा प्रकल्प चार महिने रिकामा बसणे हे मोठे नुकसान होते. 'या वर्षापुरती परवानगी द्या, शांत दिवस बघून जहाज लावू' असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा अशीच ती परिस्थिती होती. जून महिन्यात दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी उभे राहून ज्याने समुद्र पाहिला आहे, त्याला ती अट का होती हे समजावून सांगावे लागणार नाही.

बंदरावरच्या मोठ्या टाक्यांपेक्षाही मला आता काळजी वाटते ती महामार्गांच्या कडेला येणाऱ्या लहान टाक्यांची. ट्रकसाठी एलएनजी इंधन म्हणून वापरण्याचे धोरण चांगले आहे, डिझेलच्या मानाने त्याचा धूर कमी. ११ जुलै २०२१ रोजी नागपूरला अशा केंद्राचे उद्घाटन झाले आणि देशभर शेकडो केंद्रे उभारण्याचा सरकारचा मानस आहे. पण महामार्गाकडेची जागा महाग असते, प्लॉट लहान असतात, आणि कुंपणाला लागून वडापावची टपरी, पंक्चरचे दुकान, मागे चाळ असा आपला नेहमीचा देखावा असतो. अंतराची अट अर्ध्यावर आणण्याची मागणी पहिल्यांदा इथूनच होईल. सेफ्टी व्हॉल्व्ह कमी पडला तर दुसरा बसवता येतो, डिटेक्टर वाढवता येतात, टाकीला दुसरी भिंत घालता येते. अंतर एकदा दिले की परत घेता येत नाही, कारण त्या जागेवर घरे होतात.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. एलएनजी साठवणुकीच्या कोणत्याही केंद्राला, लहान असो वा मोठे, एखाद्या सुरक्षा अटीतून सूट द्यायची असेल तर ती देण्याआधी किमान तीस दिवस एक पानाची सूचना मराठीत काढावी: कोणती अट, ती का पाळता येत नाही, तिच्या बदल्यात काय करणार, आणि सूट कोणत्या तारखेला संपणार. ही सूचना ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या फलकावर आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर लागावी. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे कारखान्याबाहेरच्या बाधित होऊ शकणाऱ्या लोकांना धोक्याची माहिती देणे हे कारखानदाराचे कर्तव्य आहेच. सूट म्हणजे त्या धोक्यात झालेला बदल, तेव्हा तो सांगणे त्याच कर्तव्यात मोडते. तारीख संपली की सूट आपोआप संपावी, आणि मुदतवाढ हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा तीस दिवस. 'वरीलप्रमाणे' हा शब्द त्या अर्जात चालू नये. वस्तीपासूनच्या अंतराच्या अटीतून मात्र कोणत्याही कारणाने सूट नसावी. यात उद्योगाला अडवण्याचा हेतू नाही. ज्याच्याकडे खरे तांत्रिक कारण आहे, त्याला ते एका पानावर साध्या मराठीत लिहिता येते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या वृत्तपत्राचे प्रतिनिधी नागपुरात आहेत आणि रत्नागिरीतही आहेत. राज्यातील एलएनजी साठवणुकीच्या केंद्रांना आजवर कोणकोणत्या अटींतून सूट दिली गेली आणि त्यांपैकी किती सुटींची मुदत आज चालू आहे, एवढे दोनच प्रश्न त्यांनी संबंधित कार्यालयांना लेखी विचारावेत आणि मिळालेले उत्तर, ते 'एकही नाही' असे असले तरी, जसेच्या तसे छापावे, ही नम्र विनंती. उत्तर आले की गुहागर तालुक्यातल्या ग्रामसभांत ते वाचून दाखवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला नम्र,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी,
चिपळूण, जि. रत्नागिरी